फुआतिनोने अडवलेली होडी

सामोआतल्या आमच्या तुतुईला बेटावर, फागातोली गावात फुआतिनोचा दरारा मोठा होता आणि तो तिने फुकटात मिळवलेला नव्हता. सकाळची प्रार्थना आटोपून लोक डोळे चोळत बाहेर पडले की ही बाई हातात खराटा घेऊन झऱ्यावर हजर. वरच्या टाक्यातलं पाणी प्यायचं, मधल्यात आंघोळ, कपडे सगळ्यात खाली. वरच्या टाक्यात कुणी नुसतं बोट बुडवलं तरी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. डुकरं दगडी भिंतीच्या आड राहिली पाहिजेत हा गावाचा नियम. कुणाचं डुक्कर मोकळं दिसलं तर ती डुकराला काही बोलत नसे, मालकाच्या घरापुढे उभी राहून गावाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारी, "तुमच्या घरात भिंतीच्या आत नक्की कोण राहतं?"

लग्नानंतर बरीच वर्षं ती पागो पागोच्या बंदरावर होती. तिथल्या अमेरिकी आरमाराच्या दवाखान्यात चादरी धुवायची. उकळत्या पाण्याचं वेड तिला तिथेच लागलं. नवरा नारळाच्या झाडावरून पडून गेला आणि ती माहेरी परत आली. आता बाकीच्या जगात विधवा लेक माहेरी आली की कोपऱ्यात बसते. आमच्याकडे उलटं. सून आली की ती मान खाली घालून राहते. गावची लेक परत आली की गाव मान खाली घालून राहतं. लेकीचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही आमची जुनी रीत. फुआतिनोने या रीतीचा पुरेपूर फायदा उठवला, हे तिच्या मैत्रिणीही कबूल करत.

तिच्या पाठचा एकच भाऊ, तानिएलू. तो लग्न करून पलीकडच्या उपोलू बेटावर बायकोच्या, लागीच्या, गावी राहिला होता. होड्यांवरचा सुकाणूवाला म्हणून दोन्ही बेटांवर त्याचं नाव होतं. पण बहीण-भावात बोलणं म्हणाल तर जवळजवळ नाहीच. भांडण नव्हतं, तीही रीतच. भाऊ मिशी फुटण्याएवढा झाला की त्याने बहिणीशी थट्टामस्करी करायची नाही, एका चटईवर बसायचं नाही, तिच्यासमोर तोंड सैल सोडायचं नाही. पहिला मासा मात्र तिचा, आणि तिने एखादी गोष्ट नको म्हटली तर नको. बहिणीचा तळतळाट लागला तर भावाची पोरंबाळं धड राहत नाहीत, असं आमच्याकडे म्हातारी माणसं अजून आवाज खाली आणून सांगतात. त्यामुळे तानिएलू उपोलूहून मासे पाठवी, चटया पाठवी, निरोप पाठवी. पण मोठेपणी त्या दोघांत समोरासमोर झालेलं सगळं बोलणं एका करवंटीत मावलं असतं. तरी त्याची होडी येणार असं कळलं की फुआतिनो दोन दिवस आधीपासून कारण नसताना सगळ्यांशी गोड बोलायची, आणि त्यावरूनच गावाला पाहुणे येणार हे समजायचं.

१९१८ साली ती अशीच गोड बोलायला लागली. गावाचं नवं चर्च उभं राहिलं होतं. समुद्रातून पोवळ्याचे दगड काढून, जाळून, त्यांचा चुना करून गावाने ते स्वतः बांधलं होतं. भिंती इतक्या पांढऱ्या की दुपारी त्यांच्याकडे बघवत नव्हतं. उद्घाटनाला चारी दिशांची पाहुणेमंडळी यायची होती आणि सगळ्यांत मोठा मान उपोलूहून तानिएलूच्या होडीतून येणाऱ्या गायकांचा. डुकरं पोसली होती, अळूचे कंद काढून ठेवले होते, आणि पोरी तर झोपेतही तालीम करत होत्या.

आणि नेमकी बंदरावरून बातमी आली. आरमाराच्या बिनतारी यंत्रावर कळलं होतं की उपोलूला एक आगबोट लागली, तिच्यातून कसलासा छातीत भरणारा ताप उतरला, आणि आता तिथे घरंच्या घरं आडवी पडली आहेत. एकाच खड्ड्यात अनेकांना चटईत गुंडाळून पुरताहेत. आरमाराच्या ठाण्याचा हुकूम झाला: उपोलूची एकही होडी किनाऱ्याला लागू द्यायची नाही, ज्या त्या गावाने आपापला किनारा राखायचा.

गावाची बैठक बसली. फुआतिनोचे चुलते मातागीकाका हे गावाचे वक्ते. गावाच्या वतीने बोलायचं ते त्यांनीच, हातात काठी घेऊन. त्यांनी हुकूम वाचल्यासारखा सांगितला. सगळ्यांनी माना डोलावल्या. पोरांना सोटे देऊन किनाऱ्यावर उभं केलं. मान डोलवायला काय जातं? होडी अजून दिसत नव्हती, तोवर सगळेच शूर होते.

होडी दिसली ती शनिवारी दुपारी. फुआतिनो नव्या चर्चची फरशी वाळूने घासत होती. आधी शंख वाजला आणि मग वाऱ्यावरून गाणं आलं. उपोलूचं ते येतानाचं गाणं: वल्ह्यांच्या ठेक्यावर बांधलेलं, पुरुषांचे आवाज खालून आणि एक आवाज सगळ्यांच्या वरून. तो वरचा आवाज तिने ताबडतोब ओळखला. तिचा पाय आपसूक ठेका धरू लागला. आला! माझा तानिएलू आला! हातातली वाळू तशीच टाकून ती पळत सुटली, आणि अर्ध्या वाटेवर थबकली. आपण कशासाठी पळतोय, त्याला भेटायला की त्याला हाकलायला?

किनाऱ्यावर जे चाललं होतं ते बघून तिने कपाळावर हात मारला. राखणीची पोरं "परत जा!" असं ओरडत होती, पण इतक्या हळू की पायाशी फिरणारे खेकडेसुद्धा दचकले नसते. त्यातल्या एकाने तर, जिभेला लागलेल्या सवयीने, "परत जा!"च्या मागे "जेवून जा!" जोडून दिलं. दोघे जण सोटे वाळूत खोचून कमरेएवढ्या पाण्यात उतरले होते, होडीचा दोर धरायला. बायका गाण्याला गाण्याने उत्तर देत होत्या. आणि खुद्द मातागीकाका काठी रोवून, गळा साफ करून, पाहुण्यांच्या पूर्वजांची नावं घ्यायला सुरुवात करत होते.

"काका! अहो थांबवा त्यांना!"

"थांबवतोच आहे पोरी. पण आधी स्वागत तर होऊ दे. स्वागताशिवाय माणसं हाकलली तर लोक काय म्हणतील?"

"लोक उरले तर म्हणतील ना!"

"अगं, तानिएलू आहे तो. आपलं रक्त आहे."

"म्हणून तर म्हणते!"

काकांनी तिच्याकडे बघितलं, होडीकडे बघितलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्याच्याने होणार नाही, फुआतिनो," ते म्हणाले. "दारी आलेल्या माणसाला फिर म्हणायचं शिकलेलीच नाही ही जीभ."

त्यांना बोलण्यात अर्थ नव्हता. आख्ख्या गावात त्या दुपारी नाही म्हणू शकेल अशी जीभच नव्हती. चांगुलपणानेच मरायची वेळ आली होती. फुआतिनोने वाळूवरची एक डोंगी ओढली, पाण्यात लोटली आणि आत उडी मारली.

आमच्या किनाऱ्यासमोर पोवळ्याच्या खडकाची भिंत आहे. लाटा तिच्यावर फुटतात आणि होडी आत यायला मधे एकच फट आहे, मोठी होडी वल्ह्यांसकट जेमतेम जाईल एवढी. सुकाणूवाल्याची खरी परीक्षा तिथेच. मागून मोठी लाट उचलून घ्यायची आणि तिच्या पाठीवर बसून एका दमात आत घुसायचं. मधे थांबायला जागा नाही. फुआतिनो वल्हं मारत सुटली. वय झालं होतं, अंग जड झालं होतं, पण त्या दिवशी तिने जे हात चालवले ते बघणारी माणसं पुढे कितीतरी वर्षं सांगत राहिली. होडी बाहेरून फटीच्या रोखाने येत होती आणि डोंगी आतून. किनाऱ्यावरचं गाणं थांबलं. कुणीतरी किंचाळलं, "पोचत नाही ती! नाही पोचत!"

ती पोचली. फटीच्या तोंडाशी तिने डोंगी आडवी घातली, वल्हं मांडीवर ठेवलं आणि बसून राहिली.

होडीच्या मागच्या टोकाला उभ्या असलेल्या तानिएलूने लाट घेतली होती. होडीचं नाक वर उचललं गेलं होतं. आणि मग त्याला समोर बहीण दिसली.

"बाजूला हो! ताई, बाजूला! लाट घेतलीय!"

ती हलली नाही.

"मागे! मागे मारा! मागे!" तो असा ओरडला की आवाज फाटला. वल्हेकऱ्यांनी पाय रोवून उलटी वल्ही मारली. पाणी उसळलं, एक वल्हं काडकन मोडलं. लाट होडीखालून निसटून डोंगीवर आली आणि फुआतिनो नखशिखांत भिजली. डोंगी एका अंगावर कलली, थरथरली आणि सरळ झाली. होडी मागे सरकत सरकत फटीबाहेर थांबली.

फुआतिनोने खांद्यावरचं ओलं फडकं तोंडाला बांधलं. "तिथंच थांब," ती म्हणाली. "त्याच्या पुढं नको."

"वेड लागलंय का तुला! मेली असतीस!" इतक्या वर्षांत भाऊ बहिणीवर पहिल्यांदा ओरडला होता. लगेच त्याने मान खाली घातली. "ताई, आम्ही चर्चसाठी आलोय. देवाच्या घराला येणाऱ्याला कोण अडवतं?"

"तुझ्या होडीत आजारी कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग पुढच्या टोकाला चटईखाली कोण निजलंय?"

वल्हेकरी एकमेकांकडे बघू लागले.

"त्याला… समुद्र लागलाय," तानिएलू म्हणाला.

किनाऱ्यावर कुणीतरी खुदकन हसलं. त्या हसण्यामागोमाग सगळ्यांना एकदमच समजलं आणि हसणारा गप्प झाला. पाण्यात उतरलेली दोन्ही पोरं मुकाट्याने मागे सरकली.

"तानिएलू," फुआतिनो म्हणाली, "आईनं तुला शेंबूड पुसायला शिकवायच्या आधी वल्हं धरायला शिकवलं. तुझ्या होडीवर सामोआच्या माणसाला समुद्र लागतो? मला सांगतोस?"

मग त्याचा धीर सुटला. "निघालो तेव्हा बरा होता गं तो. लागी बरी होती, पोरं बरी होती, म्हणून तर निघालो. पण गावात दर घरात कुणी ना कुणी निजलंय. आता यांना परत घेऊन जाऊ? मरायला? ताई, तुझ्या पाया पडतो. लांब झोपडीत ठेव, डोंगरात ठेव. कुठेही ठेव."

"आणि जेवण कोण नेऊन देईल? ही?" तिने मागे किनाऱ्याकडे हात केला. "ही माणसं तुला लांब ठेवतील? अरे, संध्याकाळच्या आत तुझ्या उशाशी बसून हे तुझं डोकं चेपतील. आजाऱ्याला एकटं टाकायचं यांना येतंच नाही. मलाही येत नाही."

"मग?"

ती उभी राहिली. डोंगीत उभं राहणं सोपं नसतं, पण ती उभी राहिली आणि तिने केस सोडले. हे बघून म्हाताऱ्या बायकांनी तोंडावर हात घेतले. "मी तुझी बहीण आहे, तानिएलू. या किनाऱ्यावर पाय ठेवलास तर माझा तळतळाट तुला लागेल. तुझ्या लागीला लागेल, पोरांना लागेल. नको म्हणते मी. नको!" आणि मग ती मोठमोठ्याने रडू लागली. तसंच उभं राहून, वाट न सोडता.

हुकमाला तानिएलूने जुमानलं नसतं, सोट्यांनी तो थांबला नसता. पण बहिणीच्या शब्दापुढे आमच्याकडे वाट नाही. त्याने सुकाणू फिरवलं.

"थांब!" ती रडता रडताच ओरडली. "उपाशी जाणार आहेस?"

आणि मग फागातोलीला जो जोर चढला तो विचारू नका. नाही म्हणताना जीभ लुळी पडलेल्या त्या माणसांना आता देण्याचं काम मिळालं होतं! नीरफणसाच्या ओंडक्यांचा तराफा बांधला. त्या दिवशी पाहुण्यांसाठी भाजलेली सगळी डुकरं, कंद, पाण्याचे नारळ, सगळं त्याच्यावर रचलं. मातागीकाकांनी स्वतःच्या कमरेला गुंडाळलेली मानाची चटई वर टाकली. पोरांनी तराफा फटीपर्यंत पोहत नेला, लांब बांबूने बाहेर ढकलला आणि पोरं पाठ फिरवून परत आली.

"टोपल्या परत नकोत!" फुआतिनो ओरडली. "आणि पाणी उकळून प्या रे, मेल्यांनो!"

होडीतून कुणीतरी हसलं. मग वल्ही पडली. जाताना त्यांनी निरोपाचं गाणं म्हटलं आणि गावाने गुडघाभर पाण्यात उभं राहून त्याला उत्तर दिलं. या खेपेला वरचा आवाज त्यात नव्हता.

फुआतिनो गावात परतली नाही. होडीतल्या माणसांच्या इतक्या जवळ आपण गेलो होतो, आता आपलाही भरवसा नाही, असं म्हणून ती टोकावरच्या होड्यांच्या छपराखाली एकटी राहिली. गावकऱ्यांनी जेवण लांब खडकावर ठेवायचं आणि पळायचं. तिथून ती सगळ्या गावावर नजर ठेवी. "ए, कुणाचं डुक्कर सुटलंय ते! मी मेले नाही अजून!" अशा आरोळ्या तिथून येऊ लागल्या आणि त्या ऐकून गावाच्या जिवात जीव येई. दुसरा रविवार उलटल्यावर ती गावात आली, सगळ्यात आधी झऱ्यावर गेली आणि वरच्या टाक्यात शेवाळ बघून तिने जो आवाज लावला, त्यावरून सगळ्यांची खात्री पटली की बाई ठणठणीत आहे.

राखण त्यानंतर कडक झाली. शंख वाजला की आता पोरं खरंच ओरडत. आमच्या तुतुईला बेटावर त्या तापाने एकही माणूस गेलं नाही. उपोलूच्या बाजूला पाचांतलं एक गेलं. दोन्ही बेटांची भाषा एक, रक्त एक, गाणी एक. मधे फक्त पाणी. पुढे कुणी म्हणू लागलं की आपण वाचलो ते फुआतिनोच्या स्वच्छतेने, तर तीच खवळायची. "उपोलूचे झरे काय घाण होते? माझ्यापेक्षा टापटिपीच्या बायका आहेत तिकडं! हात धुऊन पोट वाचतं रे, छाती नाही वाचत. त्यांच्याकडे आगबोट आत आली, आपण होडीसुद्धा येऊ दिली नाही. एवढंच आहे ते." आणि असं बोलून झालं की ती बराच वेळ समुद्राकडे बघत बसायची. तानिएलूचा निरोप नव्हता. मासे नव्हते, चटया नव्हत्या. विचारायची तिला हिंमत नव्हती. तळतळाटात तिच्या तोंडून पोरांचं नाव गेलं होतं.

किनारा उघडायला दीडेक वर्ष लागलं. मग एका सकाळी शंख वाजला. फटीबाहेर एक छोटी होडी उभी होती. शीड खाली, वल्ही वर. आत येत नव्हती. सगळं गाव धावलं. मातागीकाका स्वागतासाठी काठी घेऊन पुढे झाले. सुकाणूपाशी तानिएलू होता, वाळून काटकी झालेला.

"ये ना रे आत!" पोरं ओरडली. "हुकूम उठला!"

तो हलला नाही. बहीण नको म्हणाली होती. तिने अजून ये म्हटलेलं नव्हतं.

फुआतिनोला हे कळायला एक क्षण लागला. मग ती कपड्यांसकट पाण्यात शिरली. "ये!" ती ओरडली. "ये रे, माझ्या राजा, ये!"

होडी वाळूला लागली. रीत बाजूला ठेवून तिने त्याचा हात धरला. तिने विचारायच्या आधी त्यानेच सांगितलं. "लागी गेली. दोन्ही धाकटी गेली. मोठी आहे. होडीतले निम्मे गेले. मलाही परत जाताना वाटेतच ताप भरला." तिचं तोंड बघून तो घाईने म्हणाला, "तुझा तळतळाट नाही गं ताई. मी उतरलोच कुठे? माझ्या घरी तो माझ्या आधी पोचला होता." मग थोडं थांबून त्याने विचारलं, "तुमच्याकडे किती गेले?"

सगळं गाव खाली वाळूकडे बघू लागलं, काही चोरताना पकडल्यासारखं.

"सांग ना."

"कोणी नाही," ती म्हणाली.

"कोणीच नाही?"

तिने मान हलवली. तानिएलू एकदा सगळ्यांकडे बघून गावात शिरला. पहिल्या घरापाशी थांबला आणि मोठ्याने त्याने घरातल्या म्हाताऱ्याचं नाव घेतलं.

"ओ!" म्हातारा आतून म्हणाला. "आहे!"

म्हातारीचं घेतलं. "आहे रे!" तो पुढच्या घरी गेला. तिथल्या सगळ्यांची नावं त्याला पाठ होती. किनाऱ्यावरची माणसं धावत आपापल्या घरी जाऊन उभी राहू लागली, कारण त्याला काय हवंय ते सगळ्यांना समजलं होतं. तो हाक मारी आणि ओ येई. त्याच्या गावात तो असाच घरोघर हाका मारत फिरला असणार. इथे एकही हाक वाया जात नव्हती. नवी जन्मलेली पोरं आया उचलून दाखवत होत्या, "याचंही घे! याचंही नाव घे!" त्याचा आवाज वाढत गेला, पाय वेगात पडू लागले, तो रडत होता आणि हसतही होता. चर्चपाशी घरं संपली. सगळं गाव त्याच्याभोवती जमलं होतं आणि हाक मारायला कुणी उरलं नव्हतं.

तेव्हा फुआतिनोने आपला तो झऱ्यावरचा आवाज लावला.

"तानिएलू!"

तो उभा राहिला. ओठ हलले, पण आवाज आला नाही.

"तानिएलू!" ती पुन्हा ओरडली.

"ओ," तो म्हणाला. "आहे, ताई."